प्रकल्प नोंदी: बिस्किटांच्या डब्यातलं पदक

४ जानेवारी २०२५, शनिवार

सासूबाई जूनमध्ये ऐंशीच्या होतील. त्याआधी शेतावरचं मोठं घर सोडून मोर्टनहॅम्पस्टेडमध्ये दोन खोल्यांच्या घरात जायचं त्यांनी ठरवलंय, त्यामुळे आमची नाताळची सुट्टी त्यांचा माळा उपसण्यात गेली. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळरानाच्या कडेचं घर, चार पिढ्यांनी काही म्हणजे काही टाकलेलं नाही. घोड्यांचे नाल, कान तुटलेले कप, १९६० सालची पशुखाद्याची बिलं. आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

डब्यात निघालं ते असं: पांढऱ्या फितीचं एक सोनेरी पदक, पिन गंजलेली. कातडी बांधणीची सह्यांची वही. पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला एक ग्रुप फोटो. आणि रेशमी भरतकामाची सात पोस्टकार्डं, फ्रान्समधली.

"हे माझ्या आजीचं. पहिल्या युद्धात फ्रान्समध्ये नर्स होती ती." सासूबाईंनी एवढंच सांगितलं आणि डबा माझ्या हातात दिला. नवऱ्यालाही तेवढंच माहीत. त्याची ती पणजी, म्हणून या वहीत मीही तिला पणजीच म्हणणार.

ठरलं ते असं: १४ जूनला, वाढदिवसाच्या दिवशी, वीस-पंचवीस पानांची पुस्तिका त्यांच्या हातात द्यायची. मी पेशाने हिशेबनीस, इतिहास शाळेत सुटला तो सुटला. पण पावती असल्याशिवाय रक्कम मांडायची नाही, ही सवय इथे उपयोगी पडेल असं वाटतं. घरात ऐकलेलं निळ्या शाईने लिहायचं, कागदावर सापडलेलं काळ्या. आज वहीत सगळं निळंच आहे.

५ जानेवारी

रात्री त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी मी पलंग आवरला आणि सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मागून येऊन उशा उलट्या फिरवल्या. या घरात अभ्र्याचं तोंड दाराकडे असलेलं चालत नाही. बावीस वर्षं झाली, कारण विचारायचं राहूनच गेलंय. त्या मला नावाने हाक मार म्हणतात, तेही अजून जिभेवर येत नाही. मी समोर जाऊन उभी राहते, मग त्याच विचारतात, काय हवंय.

११ जानेवारी

पदकापासून सुरुवात केली, कारण धातूवर काहीतरी कोरलेलं असतं. एका बाजूला क्रॉस आणि भोवती ब्रिटिश रेड क्रॉसचं नाव, युद्धसेवेबद्दल, १९१४ ते १९१८. दुसऱ्या बाजूला लॅटिन: इंटर आर्मा कारितास. शस्त्रांच्या गर्दीत दया. कडेवर भिंग फिरवलं. सैनिकांच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. इथे काहीच नाही. ही पदकं नाव न घालताच दिली जायची.

दुपारभर वाचल्यावर कळलं की हे पदक १९२० साली सुरू झालं. अटी दोन. रेड क्रॉससाठी किमान १,००० तास बिनपगारी काम केलेलं असावं. आणि त्याच कामाबद्दल सरकारचं ब्रिटिश वॉर मेडल मिळालेलं नसावं. फ्रान्सच्या इस्पितळांत काम केलेल्या मुलींना ते सरकारी पदक मिळायचं. म्हणजे ज्यांच्या डब्यात हे पांढऱ्या फितीचं निघतं, त्यांनी बहुतेक करून इंग्लंडातच काम केलेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात फ्रान्स डळमळलं. सासूबाईंना अजून बोलले नाही.

१९ जानेवारी

आज कार्ड सापडलं! तीन तास गेले, पण सापडलं.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे पुस्तिकेच्या दुसऱ्या पानासाठी) थोडक्यात: १९०९ साली ब्रिटनच्या युद्ध खात्याने गावोगाव स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या करायची योजना काढली. युद्ध झालंच तर जखमींची ने-आण, मलमपट्टी, स्वयंपाक हे सगळं स्थानिक माणसांनी सांभाळायचं. या तुकड्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीएडी म्हणत, आणि पुढे तुकडीतल्या मुलीलाही व्हीएडीच म्हणू लागले. १९१४ च्या उन्हाळ्यात अशा अडीच हजारांवर तुकड्या होत्या आणि सुमारे ७४,००० सदस्य, त्यांत दोन तृतीयांश बायका. रेड क्रॉस आणि सेंट जॉन या दोन संस्था त्या चालवत. युद्ध संपताना रेड क्रॉसने एकेका स्वयंसेवकाचं एकेक कार्ड भरून घेतलं. ती कार्डं आता नावाने शोधता येतात, आणि फुकट.

पणजीचं लग्न १९२० चं, तेव्हा माहेरच्या आडनावाने शोधायला हवं होतं. मी आधी सासरच्या आडनावाने तास घालवला. डोकं. मग माहेरच्या आडनावात शेवटी एक टी की दोन टी, हा घोळ. एक टी घातल्यावर डेव्हन परगण्यात त्याच आद्याक्षराच्या तिघी निघाल्या. ओळखलं ते पत्त्यावरून. कार्डावर शेताचं नाव होतं, आणि ते नाव अजून सासूबाईंच्या फाटकावर आहे.

काळ्या शाईतली पहिली नोंद: जून १९१५ ते जानेवारी १९१९. अर्धवेळ. काम: स्वयंपाकघर आणि भांडारखोली, १९१७ पासून वॉर्ड. एकूण १,९०४ तास. पगार: रेघ.

परदेशाचा उल्लेख नाही.

२० जानेवारी

ऑफिसात डबा खाताना हिशेब केला. १८७ आठवडे, १,९०४ तास. आठवड्याला जेमतेम दहा. म्हणजे दोन दिवस पाच-पाच तास असावेत. उरलेले दिवस शेतावर.

नवरा ऐकून म्हणाला, "म्हणजे नर्स नव्हतीच, कांदे चिरत होती." मी म्हटलं, चारशे मैल लांब तुझ्या पायावर तोफगोळा पडला असता तर कांदे कोण चिरतं हे तू विचारलं नसतंस. त्याने कार्ड परत वाचलं.

२ फेब्रुवारी

तुलनेसाठी याच परगण्यातलं एक प्रसिद्ध कार्ड पाहिलं. अगाथा ख्रिस्ती! टॉर्कीच्या टाउन हॉलमधल्या रेड क्रॉस इस्पितळात ती ऑक्टोबर १९१४ पासून होती. डिसेंबर १९१६ पर्यंत ३,४०० तास बिनपगारी, मग औषधं बनवण्याच्या खोलीत वर्षाला १६ पौंडांवर, सप्टेंबर १९१८ पर्यंत. माझ्या हिशेबाने बिनपगारी काळात आठवड्याला तीस तास. विषांची माहिती तिला तिथेच झाली, हे रहस्यकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको.

तीस तास फुकट काम करायला घरी गडीमाणसं लागतात. व्हीएडी मुली बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, आणि गणवेशसुद्धा स्वतःच्या पैशाने शिवायचा. शेतकऱ्याच्या मुलीला दहा तास काढणंही सोपं गेलं नसणार. १९११ च्या जनगणनेत तिच्या बापाने स्वतःच्या हाताने तक्ता भरलाय. सात मुलं जन्मली, पाच जिवंत. पणजी पंधरा वर्षांची, दुसरी. थोरला भाऊ सतरा, "शेतावर काम". तिच्या नावापुढच्या रकान्यात काहीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने शेतावर काय केलं असेल ते मी साताऱ्याकडची असल्यामुळे सांगू शकते, पण रकान्यात नाही म्हणजे नाही.

जन्मदाखला मागवला.

१५ फेब्रुवारी

एक्सेटरच्या अभिलेखागारात पूर्ण दिवस. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. म्हणून आजची नोंद निळी नाही की काळी नाही, राखाडी आहे.

गावचं इस्पितळ म्हणजे एका जमीनदाराचा वाडा. तिथे अजून माणसं राहतात म्हणून नाव लिहीत नाही. युद्धकाळात देशभर अशी ३,००० च्या वर सहायक इस्पितळं उघडली होती, वाड्यांत, शाळांत, चर्चच्या सभागृहांत. जखमी साउदॅम्प्टनच्या बंदरात उतरत, रुग्णगाडीने एक्सेटरच्या मोठ्या इस्पितळांत येत, आणि धोका टळला की आसपासच्या खेड्यांत पाठवले जात. एक्सेटरची ती सगळी यंत्रणा जॉर्जियाना बुलर या बाईंच्या हाताखाली होती. लष्करी इस्पितळ चालवणारी पहिली बाई असा त्यांचा लौकिक. तिथून पुढे न्यूटन ॲबटमार्गे मोर्टनहॅम्पस्टेडच्या छोट्या फाट्याच्या गाडीने, आणि शेवटचे काही मैल घोडागाडी. तो रेल्वेफाटा १९५९ साली बंद झाला, सासूबाई त्यात बसलेल्या आहेत.

खेड्यातली इस्पितळं जखमींना आवडायची. शिस्त कमी, जेवण घरचं. आकाशी-निळा सूट, पांढरी कॉलर, लाल टाय हा त्यांचा पोशाख, आणि तो अंगावर असलेल्या माणसाला दारूच्या गुत्त्यात काही द्यायला बंदी. (वाड्यापासून गुत्ता पाऊण मैल आहे. मी चालून पाहिलं. निळ्या सुटात कुणी गेलंच नसेल असं मी पुस्तिकेत लिहिणार नाही.)

खरी चैन होती ती पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मासिकात. तिथल्या व्हिकारसाहेबांनी (पाद्रीबाबांनी) दर महिन्याला इस्पितळाला काय हवंय आणि कुणी काय दिलं याची यादी छापलीय. ससे. सफरचंदं. जुने अभ्रे, बँडेजसाठी फाडायला. एक ग्रामोफोन, "सुस्थितीत". दोन खाटा, उसन्या. काटे-चमचे, उसने, आणि पुढे कंसात: देणाऱ्यांनी आपापली खूण करून द्यावेत, म्हणजे परत करता येतील. म्हणजे इस्पितळ उभं राहिलं ते गावाच्या उसन्या संसारावर.

आणि अंडी. नोव्हेंबर १९१४ पासून देशभर जखमींसाठी अंडी गोळा करायची मोहीम होती, आठवड्याला दहा लाखांचं उद्दिष्ट ठेवलेलं. शाळेतली पोरं अंड्यावर पेन्सिलीने नाव-पत्ता लिहून पाठवत, आणि कधीकधी सैनिकाचं उत्तर येई. इथल्या शाळेतून कोणत्या महिन्यात किती गेली ते मासिकात आहे.

सहा तासांत पणजीचं नाव एकदाच दिसलं. नाताळ १९१६, स्वयंपाकघरात मदत केलेल्यांचे आभार. सहाजणींत ती पाचवी. आडनावात दोन टी.

१ मार्च

सासूबाईंकडे फायरप्लेसच्या फळीवर काशाची एक मोठी चकती आहे, बशीएवढी. मी आल्यापासून पाहतेय, दर शनिवारी पुसलेली असते. आज पहिल्यांदा हातात घेऊन वाचली. पणजीच्या थोरल्या भावाचं नाव. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ही चकती सरकारने पाठवली, व्यास १२० मिलिमीटर. नाव उठावाचं, हुद्दा मुद्दाम नाही, म्हणजे सगळे सारखे. लोक तिला "मेलेल्याचा पैसा" म्हणत.

युद्धसमाध्यांच्या आयोगाकडे त्याची नोंद लगेच मिळाली. १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई. देह मिळाला नाही, म्हणून नाव थिएपवालच्या स्मारकावर. तिथे अशी ७२,००० च्या वर नावं आहेत. शिवाय गावच्या चर्चबाहेरच्या क्रॉसवर. म्हणजे फळीवर, क्रॉसवर, थिएपवालला, तीन ठिकाणी. त्याचं काही कमी करायचं नाही मला. पण बहिणीचं पदक माळ्यावर, पिन गंजलेलं, आणि त्याच्यावर नाव घालायची सोयच नव्हती.

रात्री मामाला फोन करून आमच्या गावच्या चावडीवरच्या फरशीचा फोटो मागवला. लहानपणी तिच्यावर बसून चिंचा खाल्ल्यात. या गावातून महायुद्धाला, १९१४ ते १९१९, इतके इसम गेले, पैकी इतके कामी आले. अशा फरश्या आपल्याकडे गावोगाव आहेत. आकडे आहेत, नाव एकही नाही. मामा म्हणाला, एवढ्या रात्री फरशीचं काय काढलंस?

हे पुस्तिकेत जाणार नाही. इथे लिहून ठेवते.

८ मार्च

सह्यांच्या वहीचा दिवस. एकतीस सह्या. कविता यथातथाच, चित्रं बरी. डुकरंच डुकरं! त्या काळी डोळे बांधून डुक्कर काढायची टूम होती, आणि खाली सही करायची. शेपूट पाठीवर, डोळा पोटात. एकाचं डुक्कर दोन पानांवर पसरलंय, खाली लिहिलंय की डावा हात वापरलाय, उजवा सध्या उपलब्ध नाही.

चार सह्यांखाली नंबर आणि पलटण होती, त्यांचा माग काढायला बसले. पदकांच्या यादीत तिघं सापडले, पुढे भिंत. सैनिकांची सेवापत्रं लंडनच्या गोदामात होती, सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडला आणि साध्या सैनिकांची साठेक टक्के कागदपत्रं जळाली. माझे तिघंही त्यात. इस्पितळांच्या भरतीवह्या तर नमुन्यापुरत्या ठेवून बाकी नष्टच केल्या. सोडून दिलं. डुकरं पुस्तिकेत घेणार, पूर्ण चार पानं.

१६ मार्च

फोटोची तारीख. शिक्का वाचता येत नाही, पण मागे हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट आहे. ३ जून १९१८ पासून पोस्टकार्डाला एक पेनी झाली, म्हणजे त्याआधीचा. आणि पणजीच्या ॲप्रनवर छातीशी क्रॉस आहे. तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग काळा यायचा, म्हणून सैनिकांचे लाल टायही फोटोत सुतकी दिसतात. ती दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, ही कडेला, फोटोबाहेरच्या कशाकडे तरी. नवरा म्हणतो, दूध उतू जात असेल.

२३ मार्च, रविवार

सासूबाईंना घेऊन माळावर गेले. त्यांना शेवाळ दाखवायचं होतं. मासिकात १९१७-१८ च्या महिन्यांत सारखं येतं: बुधवारी दुपारी शेवाळ निवडायला यावे.

युद्धात कापूस अपुरा पडला, कारण कापसापासून स्फोटकंही बनतात आणि जखमेच्या घड्याही. मग एडिंबरोचे एक सर्जन, चार्ल्स कॅथकार्ट, यांनी दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाचा आग्रह धरला. ते वजनाच्या वीसपट पाणी पितं, कापसापेक्षा कितीतरी जास्त, आणि आम्लधर्मी असल्यामुळे जखम सहसा चिघळू देत नाही. डार्टमूरवर प्रिन्सटाउनला त्याचं मोठं केंद्र होतं. पोती भरून आणायचं, पसरून वाळवायचं, त्यातल्या काड्या, गवत, किडे निवडायचे आणि मलमलीच्या पिशव्यांत भरायचं. थोडक्यात तांदूळ निवडण्याचंच काम, फक्त ओलं.

सासूबाई काठी टेकत दलदलीच्या कडेपर्यंत आल्या. मी मूठभर शेवाळ उपटून पिळलं, मनगटावरून कोपरापर्यंत पाणी. त्या हसल्या. म्हणाल्या, आजी ओला स्वेटर वाळत घालायच्या आधी तसाच पिळायची, पीळ देऊन, डावीकडे.

हे निळं लिहायचं की काळं?

१२ एप्रिल

आमच्या शेजारी एक निवृत्त वॉर्ड सिस्टर राहतात, त्यांच्याकडे चहाला गेले होते. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडतात ते का, असं विचारायला. त्यांनी सोफ्यावरच करून दाखवलं. मग उशी हातात घेतली आणि म्हणाल्या, "अभ्र्याचं तोंड दारापासून लांब. मेट्रन दारातून येते, तिला सगळे अभ्रे बंद दिसले पाहिजेत."

मी चहा खाली ठेवला. बावीस वर्षं मी याला सासूबाईंचा खोडसाळपणा समजत होते.

घरी आल्यावर त्यांना फोन. "तुम्हाला कुणी शिकवलं?" "आईने." "आणि त्यांना?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "थांब, मी आत्ता बेडरूममध्ये जाऊन बघून येते," आणि खरंच फोन ठेवून गेल्या.

२७ एप्रिल

आता टाळता येईना, फ्रान्सचं सांगायला गेले. टेबलावर सगळं मांडलं. पदकाच्या अटी. कार्ड. जन्मदाखला: मार्च १८९६. परदेशी इस्पितळात जायला वय २३ पूर्ण लागायचं, आणि युद्ध संपलं तेव्हा ती बावीसची. काहीजणी वय लपवून जायच्या, पण तिच्या कार्डावर कामात कुठे खंडच पडलेला नाही. आणि रेशमी पोस्टकार्डं सातही भावाची, शेवटचं जून १९१६. "प्रिय बहिणीस", मागे दोन ओळी, गाईंची चौकशी. फ्रान्सला गेला तो भाऊ. मला वाटतं, डबा एक होता म्हणून गोष्ट एक झाली.

सासूबाईंनी सगळे कागद परत एकावर एक रचले. कडा जुळवल्या. मला वाटलं, उगाच केलं हे. ऐंशी वर्षांच्या बाईकडून तिच्या आजीचं फ्रान्स काढून घ्यायला मी कोण?

मग म्हणाल्या, "म्हणजे ती रोज घरी यायची."

हो.

"सायकलवरून. तीन मैल. चढ आहे तो येताना." खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत राहिल्या. "आणि सकाळी दूध काढायला उठायची. भाऊ गेल्यावरसुद्धा. तिकडे दुसऱ्यांच्या भावांना जेवायला घालायचं आणि इकडे..." वाक्य पुरं केलं नाही.

थोड्या वेळाने त्यांना एक आठवलं. आजी जेवणं झाली की चमचे मोजायची. घरात चार माणसं असली तरी. ओट्याशी उभी राहून, ओठ हलवत. मुलं चिडवायची तिला. एकदा एक कमी भरला तर डुकरांच्या खरकट्याची बादली तिने मागच्या अंगणात उपडी केली होती.

मी पिशवीतून पॅरिश मासिकाची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. काटे-चमचे, उसने, खूण करून द्यावेत. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

फ्रान्सचं पान पुस्तिकेत ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. मथळा त्यांनीच सांगितला: "घरात सांगत असत ते". निळ्या शाईत छापायचं. खर्च वाढेल, वाढू दे.

१० मे

१९२१ ची जनगणना: लग्न झालेली, कडेवर चार महिन्यांची मुलगी, म्हणजे सासूबाईंची आई. १९३९ ची नोंदवही: "बिनपगारी घरकाम". हा तेव्हाचा ठरलेला शब्दप्रयोग, लाखो बायकांपुढे हाच. इतकी पानं काळ्या शाईने भरली आणि हिच्या कामापुढे पगाराचा रकाना एकदाही भरलेला मिळाला नाही. १९३१ ची जनगणना आगीत गेली, तो प्रश्नच मिटला.

१८ मे

मुखपृष्ठावर नाव कोणतं? कार्ड माहेरच्या नावाचं, सासूबाईंनी ओळखलं ते सासरच्या. नवऱ्याचं मत दोन्ही घाला. मी म्हटलं, आडनाव नकोच, नुसतं पहिलं नाव. त्यावर तो: "तुमच्याकडे काय करतात?" आमच्या घराण्याच्या वंशावळीत बायकाच नाहीत, वडाच्या झाडाला नुसते बापे लोंबतायत, त्यामुळे आमच्याकडचा दाखला देता आला नाही.

शेवटी पहिलं नाव मोठं, खाली दोन्ही आडनावं बारीक. माहेरचं दोन टींनी, कारण बापाने १९११ साली तसं लिहिलंय आणि आपलं नाव कसं लिहायचं हे बापाला ठाऊक असणार.

३१ मे

सामान हलवलं. मोर्टनहॅम्पस्टेडच्या घरात फायरप्लेस नाही, तेव्हा चकती कुठे ठेवायची यावर अर्धा तास. आता पुस्तकांच्या कपाटावर आहे, आणि शेजारी पदक, एका छोट्या चौकटीत. पिन मी बदलली नाही. पलंगावर उश्या मी लावल्या, कुणी फिरवल्या नाहीत.

७ जून

छापखान्याने प्रत तपासायला पाठवली. २८ पानं, २० प्रती. पान ९ वर "१,९०४ तास" च्या जागी "१९०४ साल" झालंय, कुणीतरी माझ्यापेक्षा हुशार निघालं. दुरुस्ती कळवली. एका डुकराचं शेपूट कापलं गेलंय, तेही.

संध्याकाळी सासूबाईंकडच्या स्वयंपाकघराचं शेवटचं खोकं उघडलं. चमच्यांचा खण जसाच्या तसा कागदात गुंडाळून आणला होता. पुसून लावताना मी मोजले, हल्ली सवयच लागलीय. सेटचे बारा, आणि एक तेरावा. वेगळ्याच घडणीचा, जड. दांडीच्या मागे खिळ्याने ओरखडल्यासारखी दोन अक्षरं. आपल्या घरातल्या कुणाचीच नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, हा कायम खणात होता, मुरंब्याला वापरायचो.

पान २७ वर अजून जागा आहे, चमच्याचा फोटो मावेल. घ्यायचा का विचारलं. त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला, दिव्याखाली धरून अक्षरं पाहिली आणि मलाच परत दिला.

"आधी कुणाचा आहे ते शोध," म्हणाल्या. "द्यायचा राहिलाय तो."